डॉलर पळतो तेव्हा मागे कोण उरते?

यंदाच्या वर्षावासात वलगावच्या विहारात रविवारचे वाचन सुरू होते. अमरावतीहून परतवाड्याकडे जाताना पेढी नदीचा पूल लागतो, तेच हे वलगाव. २० डिसेंबर १९५६ रोजी, म्हणजे बाबासाहेबांच्या महापरिनिर्वाणानंतर अवघ्या चौदा दिवसांनी, गाडगेबाबांनी याच परिसरात अखेरचा श्वास घेतला. त्या दिवशी ठरलेले वाचन आटोपले आणि पोरांनी वर्तमानपत्र पुढे केले. विदेशी गुंतवणूकदारांनी एका महिन्यात आपल्या शेअर बाजारातून हजारो कोटी काढून नेले, अशी बातमी होती. पदवीच्या शेवटच्या वर्षाला असलेला एक मुलगा म्हणाला, "भाऊ, डॉलर पयून गेले म्हनतात. पन ते पयवते कोन? आन् गेले त आपलं काय जाते?"

प्रश्न साधा होता, पण त्याचे उत्तर आपल्या चळवळीतल्या भाषणांत सहसा मिळत नाही. जागतिकीकरणाला शिव्या देणे सोपे आहे, मीही चौकाचौकांत दिल्या आहेत. पैसा नेमका कोणत्या दाराने येतो, किती मुदतीने येतो आणि कोणत्या दाराने परत जातो हे मात्र आपण बघत नाही. त्या दिवशी मी पोरांना जे सांगितले तेच थोडे नीट मांडतो. त्यासाठी दोन देश शेजारी ठेवू : १९९१ चा भारत आणि १९९७ चा थायलंड.

आधी एक घरची गोष्ट. आमच्या भागातल्या एका पतसंस्थेविरुद्ध मी ठेवीदारांच्या बाजूने उभा आहे. प्रकरण न्यायप्रविष्ट आहे, म्हणून नाव घेत नाही. या पतसंस्थेने लोकांकडून सहा महिन्यांच्या, वर्षाच्या ठेवी घेतल्या आणि तोच पैसा पाच-सात वर्षांच्या मुदतीने प्लॉट, मंगल कार्यालये आणि संचालकांच्या सग्यासोयऱ्यांच्या धंद्यात घातला. जोवर जुनी ठेव नव्याने होत होती तोवर सगळे ठीक होते. एके दिवशी कुणकुण लागली. पहिल्या आठवड्यात कोणाच्या ठेवी निघाल्या? संचालकांच्या मेव्हण्यांच्या, गावातल्या दोन मोठ्या अडत्यांच्या आणि ज्यांना आतली खबर होती त्यांच्या. जिल्हा परिषद शाळेतून निवृत्त झालेल्या एका सफाई कामगार बाईने आयुष्याची पुंजी तिथे ठेवली होती. ती पासबुक घेऊन पोचली तेव्हा काउंटरवर माणूस होता, पैसा नव्हता. त्या वेळीही कागदावर पतसंस्थेची मालमत्ता देण्यापेक्षा जास्त होती! पण प्लॉट विकायला दोन वर्षे लागतात आणि ठेव मागायला दोन मिनिटे.

अल्पमुदतीच्या परकीय चलनाचे संकट म्हणजे हेच, फक्त पतसंस्थेच्या जागी देश असतो. देशाने वर्षाच्या आत फेडायचे किती डॉलर घेतले आहेत आणि त्याच्या गंगाजळीत किती डॉलर आहेत, हा त्यातला मुख्य हिशेब. बाकीचे आकडे नंतर.

मार्च १९९१ अखेर भारताची गंगाजळी, सोने धरून, सुमारे ५.८ अब्ज डॉलर होती आणि अल्पमुदतीचे विदेशी कर्ज सुमारे ८.५ अब्ज डॉलर. म्हणजे तिजोरीतल्या शंभरावर देणे १४६. आता थायलंड पाहा. जून १९९७ मध्ये विदेशी बँकांचे थायलंडकडे असलेले अल्पमुदतीचे येणे सुमारे ४५ अब्ज डॉलर आणि गंगाजळी सुमारे ३१ अब्ज. शंभरावर १४५! मोजण्याच्या पद्धती तंतोतंत सारख्या नाहीत हे मान्य. तरी सहा वर्षांच्या अंतराने दोन बुडत्या देशांचा आकडा इतका जवळ यावा, हे पोरांना फळ्यावर दाखवताना मलाही नवल वाटले.

रोग सारखा असला तरी तो लागला मात्र वेगवेगळ्या वाटांनी.

भारताची वाट अशी. ऐंशीच्या दशकात सरकारने उसनवारी वाढवली आणि तूट भरून काढण्यासाठी अनिवासी भारतीयांच्या डॉलर ठेवींना चढे व्याज देऊन बोलावले. ऑगस्ट १९९० मध्ये सद्दाम हुसेनने कुवेत गिळले, तेल भडकले. तिथे राबणारे एक लाखाहून जास्त भारतीय मजूर-कामगार विमानांनी परत आणावे लागले. त्यातले बहुतेक जण अंगावरच्या कपड्यांनिशी परतले. याच काळात ज्यांच्या मोठ्या डॉलर ठेवी भारतीय बँकांत होत्या ते काय करत होते? ते मुदत संपताच ठेवी काढून घेत होते. एप्रिल ते जून १९९१ या तीन महिन्यांत अनिवासी ठेवींतून सुमारे ९५ कोटी डॉलर बाहेर गेले. हाती उरलेले परकीय चलन एक अब्ज डॉलरच्या थोडे वर होते, दोन-तीन आठवड्यांच्या आयातीपुरते. देशप्रेमाच्या गप्पा मारणारा वर्ग घाबरला की कसा वागतो, त्याचा हा सरकारी आकड्यांतला पुरावा आहे. अर्थात कायद्याने त्यांनी काही गैर केले नाही. ठेव त्यांची होती, मुदत संपली होती. मुदतच इतकी आखूड ठेवून देशाचा संसार चालवायला कोणी सांगितले होते, हा खरा प्रश्न.

थायलंडची वाट उलट होती. तिथे सरकार उधळे नव्हते, अंदाजपत्रक शिलकीचे होते. जागतिक बँक त्या देशाची पाठ थोपटत होती. तिथल्या सरकारने १९९३ मध्ये बँकॉकमध्ये खास सुविधा उघडली : परदेशातून डॉलर स्वस्तात उचला आणि देशात बाटमध्ये महाग व्याजाने लावा. डॉलरला २५ बाट हा भाव जवळजवळ बांधलेलाच होता, त्यामुळे कोणाला जोखीम दिसेना. खासगी वित्त कंपन्यांनी वर्षाच्या आतले डॉलर घेऊन बँकॉकमध्ये टोलेजंग इमारती उभारल्या. इमारती विकल्या जाईनात, निर्यात मंदावली आणि सट्टेबाजांनी हेरले की हा २५ चा भाव टिकणार नाही. मध्यवर्ती बँकेने भाव टिकवायला डॉलर विकले, पुढच्या तारखांचे सौदे केले. बाहेरून गंगाजळी तीस अब्जांच्या वर दिसत होती, पण त्यातले २३ अब्जांहून जास्त आधीच वायद्यात अडकले होते. मोकळे उरले होते तीन अब्जांहूनही कमी. हे थाई जनतेला ठाऊक नव्हते. २ जुलै १९९७ ला भाव सोडून द्यावा लागला आणि जानेवारी १९९८ पर्यंत डॉलर ५५ बाटच्या पुढे गेला. ज्याने शंभर डॉलर घेतले होते त्याचे देणे २५०० बाटवरून साडेपाच हजारांवर गेले, एक बाटही नव्याने न घेता.

पुढे ती आग इंडोनेशिया, मलेशिया, कोरियापर्यंत गेली. १९९६ मध्ये थायलंड, इंडोनेशिया, मलेशिया, फिलिपाइन्स आणि कोरिया या पाच देशांत खासगी परकीय पैसा ९३ अब्ज डॉलर आला होता. १९९७ मध्ये त्याच पाच देशांतून १२ अब्ज बाहेर गेला.

थायलंडचे नाव निघाले की विहारात एक प्रश्न हमखास येतो : तो तर बौद्ध देश, मग तिथे असे कसे? मी म्हणालो, बँकॉकच्या वित्त कंपनीच्या मालकाने सकाळी भिक्खूच्या पात्रात भात घातला म्हणून दुपारचे डॉलर दीर्घ मुदतीचे होत नाहीत. पण एक गोष्ट सांगण्याजोगी आहे. उदोन थानी प्रांतातले वृद्ध अरण्यवासी भिक्खू महाबुवा यांनी १९९८ पासून लोकांना आवाहन केले आणि बायाबापड्यांनी अंगावरची साखळी, अंगठी काढून दिली. ते सोने वितळवून देशाच्या गंगाजळीत जमा झाले. २०११ मध्ये त्यांचे निधन होईपर्यंत ते बारा टनांच्या आसपास गेले होते. कोरियातही १९९८ च्या आरंभी लोकांनी रांगा लावून सोने दिले. हे वाचून माझे मन भरून येते आणि त्याच वेळी वकिलाच्या डोक्यात किडा वळवळतो. खड्डा पाडला बिल्डरांनी आणि वित्त कंपन्यांनी, मग तो बुजवायला शेतकऱ्याच्या बायकोची साखळी का?

आपले सोने तर विचारलेही नाही. मे १९९१ मध्ये तस्करांकडून जप्त केलेले २० टन सोने स्टेट बँकेमार्फत परत विकत घेण्याच्या बोलीवर परदेशी बँकेला विकले, जुलैमध्ये रिझर्व्ह बँकेने आणखी ४७ टनांच्या आसपास सोने बँक ऑफ इंग्लंड आणि बँक ऑफ जपानकडे तारण ठेवून सुमारे ४० कोटी डॉलर उभे केले. पहिला निर्णय चंद्रशेखर सरकारचा, दुसरा नरसिंह राव सरकारच्या काळातला. १ आणि ३ जुलैला रुपयाचे दोन टप्प्यांत अवमूल्यन झाले. आंतरराष्ट्रीय नाणेनिधीच्या अटी आल्या. २४ जुलै १९९१ च्या अंदाजपत्रकात डॉ. मनमोहन सिंग यांनी रासायनिक खतांच्या किमती ४० टक्क्यांनी वाढवल्या. ओरड झाल्यावर वाढ ३० टक्क्यांवर आणली आणि लहान शेतकऱ्यांना सूट जाहीर केली.

मी तेव्हा शाळेत होतो. आमची तीन एकर कोरडवाहू, कपाशी आणि तूर. वडील खताच्या दुकानातून रिकामे पोते घेऊन परत आले होते, हे मला आठवते. सूट होती म्हणतात, पण ती मिळवायला सातबारा, तलाठ्याचा दाखला आणि दुकानदाराची मर्जी, तिन्ही लागत. लंडन-न्यूयॉर्कमध्ये कोणीतरी ठेव मोडली आणि वलगाव शिवारात पोते रिकामे आले, यांच्यामधला धागा मला कायद्याचे शिक्षण झाल्यावर, बऱ्याच वर्षांनी दिसला. त्याच अंदाजपत्रकापासून सार्वजनिक उद्योगांतली सरकारी भागभांडवल विक्री सुरू झाली. ज्या कारखान्यांत, बँकांत आपल्या पहिल्या शिकल्या पिढीने राखीव जागांवर पाय ठेवला होता, तिथली दारे तिथून आक्रसत गेली. म्हणून मी म्हणतो, गंगाजळीचा प्रश्न हा आरक्षणाचाही प्रश्न आहे. आपल्या मोर्च्यांच्या निवेदनांत तो कधी आलाच नाही.

बँकॉकमध्येही यापेक्षा वेगळे घडले नाही. इमारतींचे काम थांबले तेव्हा ईशान्येकडच्या इसान भागातून आलेले मजूर गाठोडे बांधून गावी परतले. विदेशी बँकांचे बरेचसे पैसे मात्र नाणेनिधीच्या पुढाकाराने जमलेल्या १७ अब्ज डॉलरच्या मदतीने सुखरूप घरी गेले.

आता तिसरा हिशेब, जो मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. मार्च १९९७ मध्ये भारताकडे गंगाजळी २६ अब्ज डॉलरच्या वर आणि अल्पमुदतीचे कर्ज ६.७ अब्ज. शंभरावर २५. १९९१ चा चटका बसल्यावर रंगराजन समितीच्या सल्ल्याने सरकारने आखूड मुदतीच्या डॉलर कर्जाला वेसण घातली होती. त्यामुळे १९९७-९८ मध्ये रुपया ३५-३६ वरून ३९ च्या पुढे घसरला, जानेवारी १९९८ मध्ये रिझर्व्ह बँकेला व्याजदर दोन टक्क्यांनी वाढवावा लागला, पण आपण बँकॉक झालो नाही.

त्याची फुशारकी मात्र मारू नये. ३० मे १९९७ रोजी तारापोर समितीने अहवाल दिला होता की, तीन वर्षांत टप्प्याटप्प्याने भांडवली खाते खुले करा. म्हणजे देशी-विदेशी धनिकाला रुपयाचे डॉलर करून हवे तेव्हा ने-आण करण्याची मोकळीक द्या. समितीने त्यासाठी अटी घातल्या होत्या हे न्यायाने सांगितले पाहिजे. पण या अहवालानंतर ३३ दिवसांनी बाट कोसळला आणि अहवाल कपाटात गेला. बँकॉकची आग दोन वर्षे उशिरा लागली असती तर? आपल्या राज्यकर्त्यांच्या शहाणपणात योगायोगाचा वाटा किती होता, हे ज्याने त्याने ठरवावे.

इथे बाबासाहेबांकडे वळलेच पाहिजे, आणि तेही केवळ फोटोला हार घालण्यापुरते नाही. 'द प्रॉब्लेम ऑफ द रुपी' हा त्यांचा प्रबंध १९२३ मध्ये लंडनला ग्रंथरूपाने निघाला. त्यांनी तो लिहिला त्या काळात नेमके काय घडत होते? १९२० च्या फेब्रुवारीत इंग्रज सरकारने रुपयाचा भाव सोन्यातल्या दोन शिलिंगांवर बांधला. बाजार त्या भावाला तयार नव्हता. तो टिकवण्यासाठी सरकारने लंडनवर हुंड्या विकायला काढल्या, साडेपाच कोटी पौंडांच्या आसपास. ज्यांच्याजवळ रुपये होते त्यांनी ते सरकारी भावात पौंडात बदलून विलायतेला पाठवले. सप्टेंबरअखेर सरकारने हात टेकले आणि तोटा हिंदुस्थानच्या तिजोरीवर पडला. १९२० चा दोन शिलिंगांचा रुपया आणि १९९७ चा २५ चा बाट यांत फरक किती? न टिकणारा भाव सरकार लोकांच्या पैशाने टिकवते आणि जो आधी पळतो त्याला सरकारच भाडे देते.

बाबासाहेबांनी त्या ग्रंथात केन्ससारख्या अर्थपंडिताच्या मताविरुद्ध भूमिका घेतली. प्रस्तावना लिहिणारे प्रा. एडविन कॅनन यांनाही त्यांची सगळी मते पटली नव्हती आणि त्यांनी ते तिथेच लिहून ठेवले. बाबासाहेबांचे म्हणणे माझ्या भाषेत असे : रुपयाचा परकीय भाव स्थिर ठेवण्याच्या नादात तुम्ही रुपयाला बाजारात काय मिळते ते विसरता, आणि चलन किती काढायचे हा अधिकार राज्यकर्त्याच्या मर्जीवर सोडता. ती मर्जी बांधा. रुपया स्वस्त झाला की निर्यातदाराला लाभ होतो खरा, पण तो लाभ परदेशातून येत नाही. भाव वाढतात आणि मजुरी मागे राहते, त्या फरकातून तो येतो. म्हणजे आपल्याच देशातल्या मजुराच्या ताटातून. १५ डिसेंबर १९२५ ला हिल्टन यंग आयोगापुढे साक्ष देताना त्यांनी याच विषयावर आपली मते मांडली.

आपल्या सभांतून असे सांगितले जाते की रिझर्व्ह बँक बाबासाहेबांच्या पुस्तकाबरहुकूम उभी राहिली. मी तसे म्हणणार नाही. त्या आयोगाच्या शिफारशीतून १९३५ मध्ये बँक आली आणि आयोगापुढे त्यांची साक्ष नोंदलेली आहे, एवढे खरे आणि तेवढे पुरेसे मोठे आहे. उगाच वाढवून सांगितले की विरोधक खरे तेही नाकारतात. न्यायालयात मी हे रोज पाहतो.

कायद्याचेही दोन शब्द. १९७३ चा परकीय चलन नियमन कायदा फौजदारी होता, त्यात अटकेची भीती होती. त्याच्या जागी आलेला १९९९ चा व्यवस्थापन कायदा, जो १ जून २००० पासून लागू आहे, दिवाणी स्वरूपाचा. नियमनाचे व्यवस्थापन झाले! जुन्या कायद्याखाली छळ आणि लाचखोरी झाली, हे मी नाकारत नाही. पण झोपडीतल्या पोरावर मोबाईल चोरीचा फौजदारी गुन्हा आणि कोट्यवधी डॉलरच्या हेराफेरीवर मुख्यतः दंड, ही तुलना मनातून जात नाही.

ऑगस्ट २०१३ मध्ये परत परीक्षा झाली. अमेरिकेच्या मध्यवर्ती बँकेने पैसा आवळण्याचा नुसता इशारा दिला आणि तीन महिन्यांत रुपया ५५ वरून ६८ च्या पुढे गेला. तेव्हा रिझर्व्ह बँकेने श्रीमंतांना दरवर्षी परदेशी पाठवता येणारी रक्कम दोन लाख डॉलरवरून ७५ हजारांवर आणली. मग अनिवासींच्या ठेवी सवलतीने बोलावून डॉलर जमवले. म्हणजे १९९१ मध्ये जे दार दगा देऊन गेले तेच पुन्हा ठोठावले, फक्त यावेळी मुदत तीन वर्षांची घातली. शिकले म्हणायचे, थोडे.

आज गंगाजळी मोठी आहे. सप्टेंबर २०२४ मध्ये ती ७०० अब्ज डॉलरच्या वर गेली होती. मूळ मुदतीने मोजले तर अल्पमुदतीचे कर्ज तिच्या पाचव्या हिश्श्याच्या आसपास, आणि सरकार हाच आकडा पुढे करते. पण पाच वर्षांच्या कर्जाचे शेवटचे वर्ष उरले असेल तर तेही याच वर्षी फेडायचे आहे ना? तसे, उरलेल्या मुदतीने मोजले तर २०२४ मध्ये प्रमाण चाळीस टक्क्यांच्या वर जाते. त्यात शेअर बाजारातला विदेशी पैसा धरलेलाच नाही, आणि ऑक्टोबर २०२४ या एका महिन्यात तो सुमारे ९४ हजार कोटी रुपयांनी बाहेर गेला. शिवाय आपल्याच धनिकांनी २०२३-२४ मध्ये त्या सवलतीखाली ३१ अब्ज डॉलरहून जास्त रक्कम परदेशी पाठवली. त्यातले १७ अब्ज प्रवासावर, शिक्षणावर साडेतीन. आपल्यातली शिष्यवृत्तीवर विलायतेला जाणारी मोजकी मुलेही त्या साडेतीनच्या रांगेत असतात आणि रुपया ८५ पार गेला की त्यांच्या बापाला जामीनदार शोधत फिरावे लागते, हेही लिहून ठेवतो.

म्हणून बातमीत "गंगाजळी विक्रमी" असे वाचले की तीन गोष्टी विचारा, असे मी पोरांना सांगितले. वर्षाच्या आत फेडायचे किती? त्यातले वायद्यात अडकलेले किती? आणि दार उघडले तर आधी बाहेर पडण्याची सोय कोणाला आहे?

तो शेवटच्या वर्षाचा मुलगा वही मिटत म्हणाला, "म्हंजे भाऊ, त्या पतसंस्थेतल्या बाईसारखंच." मी म्हणालो, होय, पण तिच्या प्रकरणात निदान प्रतिवादी समोर उभा आहे. पुढची तारीख पुढच्या महिन्यात आहे. दोन मुले यायला तयार आहेत, ठेवीदारांची यादी मुदतीप्रमाणे आणि पैसे काढल्याच्या दिनांकाप्रमाणे लावायची आहे. शासनाने काढलेल्या बाबासाहेबांच्या इंग्रजी वाङ्मयाचा सहावा खंड विहाराच्या कपाटात नाही. तो अमरावतीहून आणायचे ठरले आहे. रविवारी एकाने इंग्रजीतून वाचायचे आणि दुसऱ्याने वऱ्हाडीतून सांगायचे.